न वाजलेल्या भोंग्याची नोंद

नागपूर,
६ जानेवारी १९७४

तीर्थरूप यमुताईस,
रुपरावचा जय भीम.

तुझं पेन्सिलीनं लिहिलेलं पत्र मिळालं. पोस्टमन नेहमीसारखा हसला. "मास्तरीणबाईच्या घरी शाई नाई का गा?" मी त्याला सांगितलं, आमची ताई पहिलीची पोरं शिकवता शिकवता स्वतःच पहिलीत जाऊन बसली आहे. एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिलेली संत्र्यांची पिशवीही पोचली. खालची दबली होती, पण इंदूनं त्यांचाही रस काढला.

इकडे मिलमध्ये यंदा कोळसा असा येतो आहे की निम्मा कोळसा आणि निम्मी माती. वाफ चढता चढत नाही. त्यात नवे इंजिनियर आले आहेत, सक्सेना साहेब. गुरुवारी सकाळी मला म्हणाले, सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणखी एक वजन अडकव. तुला समजेल असं सांगतो. दाब हद्दीबाहेर गेला की ज्या झडपेतून वाफ आपोआप निघून जाते, ती झडपच दाबून धरायची. उकळत्या भांड्याचं झाकण बांधून ठेवायचा प्रकार. भिंतीपलीकडे कातणखात्यात चारशे माणसं काम करतात. मी म्हणालो, "साहेब, माझ्या सर्टिफिकेटात हे बसत नाही." थोडी बोलाचाली झाली. वजन काही मी लावलं नाही. विषय संपला.

भोंगा वेळेवर वाजतो आहे. साडेसहाचा पहिला आणि सातचा दुसरा. याच बॉयलरची राख आपले बापू टोपल्यानं वाहायचे आणि तहान लागली तर दाराबाहेर ओंजळ धरून उभे राहायचे. आता त्यांचा पोरगा आत उभा राहून साखळी ओढतो आणि निम्मी वस्ती त्या आवाजावर चुली पेटवते. हे मी तुला दर पत्रात लिहितो, ठाऊक आहे. पण मला ते लिहायला आवडतं.

थंडी फार आहे. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
रुपराव


तारोळी,
१२ जानेवारी १९७४

चिरंजीव रुपरावास,
मंगल आशीर्वाद.

"नाही" म्हणालास ते वाचलं आणि पत्र घेऊन ओसरीत येरझाऱ्या घातल्या. छप्पन साली दीक्षेहून पायी परत येताना बापू काय म्हणाले होते, आठवतं? तू अठरा वर्षांचा होतास आणि चालून चालून रडकुंडीला आला होतास, म्हणून मीच सांगते. "आजपासून आपल्या घरात कोनी मान खाली घालून उभं नाई राह्यचं." बापूंना अक्षर येत नव्हतं, पण हे एक वाक्य त्यांनी आपल्या दोघांत नीट लिहून ठेवलं. ते तू वाचलंस म्हणून मला अभिमान वाटतो.

एक विचारते मात्र. "विषय संपला" असं तू लहानपणीही म्हणायचास, आणि तेव्हा हमखास गुडघा फुटलेला असायचा. दुसरं काही झालं नाही ना?

पेन्सिलीवर हसू नकोस. पेन्सिलीचं चुकलं तर खोडता येतं. शाईचं आणि माझं जमत नाही, तुला ठाऊकच आहे. तू बॉयलरची परीक्षा पास झालास तेव्हा आणलेली निळ्या काठाची पांढरी साडी मी दौत सांडून नासवली होती. माझ्याइतकी वेंधळी बाई तालुक्यात नसेल. त्या साडीची आता गोधडी झाली आहे, पण डाग अजून आहे तसाच आहे. परवा तपासणीला आलेले साहेब विचारत होते, बाई, इतकी वर्षं झाली, चौथीचा वर्ग का घेत नाही? मी म्हटलं, मला माझी ओसरीतली पहिलीच बरी.

इंदूला आशीर्वाद. तिनं अक्षर सोडलं तर नाही ना? दोन ओळी लिहायला सांग.

तुझी ताई,
यमुना


तारोळी,
२ फेब्रुवारी १९७४

चि. रुपरावास,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

तीन आठवडे तुझं पत्र नाही म्हणून मी रुसून बसले होते. काल सिंधूताई मुलीचं बाळंतपण आटोपून नागपूरहून आली ती थेट माझ्या वर्गात घुसली. "यमुताई, तुह्या भावानं मिल बंद पाडली वं! साहेबानं थापड मारली, तं यानं भोंगाच नाई वाजवला. तीन हजार मानूस घरी झोपून राह्यलं!"

मी पोरांना पाटीवर चित्र काढायला सांगितलं आणि तिच्याकडून सगळं दोनदा ऐकलं. सोमवारी साडेसहा वाजले, भोंगा नाही. सात वाजले, भोंगा नाही. लोक दातवण तोंडात धरून दारात उभे. मिल पाऊण तास उशिरा सुरू झाली. मग कळलं की रुपरावनं अपमानाचं उत्तर दिलं. तुला फाटकाशी हार घातले म्हणे.

साहेबानं हात उचलला हे तू मला लिहिलं नाहीस, त्याचा हिशेब नंतर. पण उत्तर काय दिलंस रे! दगड नाही, शिवी नाही. नुसती साखळी सोडून दिलीस आणि सगळ्या मिलला कळलं की हा हात नसला तर सकाळ होत नाही. मी पोरांना सांगितलं, गावात सांगितलं, पाटलाच्या ओट्यासमोर मुद्दाम उभी राहून मोठ्यानं सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं असं मिरवू नये. मी मिरवलं.

चौकशी करतील, करू देत. नोकरी घालवतील, घालवू देत. मान खाली घालू नकोस.

तुझी ताई,
यमुना


नागपूर,
७ फेब्रुवारी १९७४

ती. यमुताईस,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. सिंधूताईनं सांगितलं ते बरंचसं बरोबर आहे. मला चार्जशीट दिली आहे आणि कामावरून तात्पुरतं बंद केलं आहे. चौकशी २५ तारखेला, सोमवारी. युनियनचे भैय्याजी रोज येतात. त्यांनी माझा जबाब लिहून आणला आहे, मला फक्त पाठ करायचा आहे. त्यात "मी जाणूनबुजून, कामगारांच्या स्वाभिमानासाठी" असं आहे. भाषा चांगली आहे.

लोक भेटायला येतात. घरात झेंडूचा वास भरला आहे.

तू पाटलाच्या ओट्यासमोर उभी राहिलीस ते नसतं केलंस तरी चाललं असतं.

बाकी ठीक.

रुपराव


नागपूर,
१० फेब्रुवारी

यमुताई,
इंदूचा जय भीम.

तुम्ही शिकवलेल्या अक्षरानं लिहून राहिली. चुका काढू नका, पत्र वाचा. हे बाजारात गेले तेवढ्यात लिहिते.

यांनी भोंगा बंद नाही केला. यांच्यानं तो वाजला नाही.

थापड खाल्ली त्या दिवशी हे घरी येऊन जेवले. मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून साखळीकडे हात गेला की हाताला घाम फुटे, दम कोंडे, हात वरच जात नसे. त्यांच्यासंग काम करणारा लहानू आहे ना, तो गुपचूप यांच्या बदल्यात साखळी ओढत होता. तीन आठवडे कोणाला कळलं नाही. त्या सोमवारी लहानू तापानं घरी पडला. हे एकटे साखळीखाली उभे राहिले. साडेसहापासून सात वाजून जाईपर्यंत उभे राहिले. शेवटी जमादारानं येऊन ओढली.

आणि लोकांनी हार आणले. हे नाही नाही म्हणत होते, पण घोषणांत कोणाला ऐकू येते? मग तुमचं पत्र आलं. ते वाचून हे मागच्या दारी जाऊन बसले. तेव्हापासून नाही म्हणणंही सोडलं.

हात तसा चांगला आहे. जेवतात, लिहितात, विहिरीचं पाणी काढतात. पण आता घरी असतात, तरी सकाळी मिलचा भोंगा ऐकला की हातातला पेला पडते. साडेसहा वाजायच्या आधी उठून हात काखेत दाबून बसतात. मी पेले पितळेचे काढून ठेवले.

कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई चांगली आहे. म्हणाली, हाताचं हाड ठीक आहे, मनाला मार लागला, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे जा. चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी हे तांदळाच्या डब्यात लपवून आले. म्हणतात, पागलखान्याचा शिक्का बसला तर बॉयलरजवळ कोण उभं करन मले? आणि ताईले काय सांगू?

यमुताई, यांना तुमचाच जास्त धाक आहे. साहेबाचा नाही एवढा.

तुमची,
इंदू


तारोळी,
१५ फेब्रुवारी १९७४

चि. रुपरावास,
आशीर्वाद.

इंदूवर रागावू नकोस. तिनं मला सगळं कळवलं.

मी दोन दिवस विचार केला आणि मग हे लिहायला बसले. तू काही बोलू नकोस. भैय्याजींनी लिहिलेला जबाब पाठ कर आणि तसाच म्हण. तू भोंगा मुद्दामच बंद ठेवलास, एवढंच. हाताचं कोणाला कळता कामा नये, लहानूला शपथ घाल. ती चिठ्ठी चुलीत टाक.

तुला हे कठोर वाटेल. पण विचार कर. आपल्यातला माणूस साखळीपर्यंत पोचायला किती पिढ्या लागल्या? आता तू म्हणालास की माझा हात कापतो, तर ते काय म्हणतील? यांना मोठ्या कामावर उभं केलं की यांचे हात कापतात, असं म्हणतील. तुझ्यामागून जो पोरगा बॉयलरची परीक्षा द्यायला जाईल, त्यालाही तेच ऐकवतील. मी हे म्हणू देणार नाही. ताठ मानेनं नोकरी गेलेली मला चालेल. तुम्ही दोघं इकडे या, माझ्या पगारात तिघांचं भागेल.

अपमान झाला तरी माणूस उभं राहू शकतं, रुपराव. दात आवळायचे आणि पुढे जायचं. मी काही उगाच सांगत नाही.

तुझी ताई,
यमुना


नागपूर,
१९ फेब्रुवारी १९७४

ती. यमुताईस,
जय भीम.

तू मला खोटं बोलायला सांगते आहेस, हे मी तीनदा वाचून पाहिलं. अक्षर तुझंच आहे.

आता मी तुला सगळं सांगतो, आधीच सांगायला हवं होतं. त्या गुरुवारी वजन लावायला मी नाही म्हणालो, तेव्हा घड्याळात साडेसहाला अर्धं मिनिट कमी होतं. वाद थांबवावा म्हणून नाही, तर वेळ झाली म्हणून मी साखळीला हात घातला. सक्सेना साहेबाला वाटलं, मी त्याला किंमत देत नाही. "मैं बात कर रहा हूँ और तू भोंगा बजा रहा है?" आणि मारली. लहानू आणि दोन कोळसेवाले पाहत होते. टोपी राखेत पडली.

आणि ताई, मी भोंगा वाजवला. पुरती तीस सेकंदं वाजवला. एका हातानं साखळी धरलेली आणि गाल जळतो आहे. त्या आवाजावर सगळी वस्ती उठली, इंदूनं चूल पेटवली, लोकांनी घड्याळं लावली. मला वाटलं, मी केवढा खंबीर. दुसऱ्या दिवशी हात वर जाईना. आता तूच सांग, त्यात मी कुठे कमी पडलो? मार खाऊनही मी माझं काम केलं. वजन लावलं नाही, भोंगा चुकवला नाही. हाताला जे झालं ते त्यानंतर झालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फॉर्म भरत होत्या. त्यात एक रकाना होता, "इजा कामावर असताना झाली काय?" त्यांनी मान वर न करता विचारलं. मी म्हणालो, "हो." दीड महिन्यात एवढा एकच शब्द मी खरा बोललो. घरी येऊन पोटभर जेवलो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बापूंचं बोट आहे. राखेच्या ट्रॉलीत त्यांचं बोट गेलं, तेव्हा मिलच्या अपघात नोंदवहीत लिहिलं होतं. दिनांक, वेळ, यंत्राचं नाव, इजा. बापूंना वाचता येत नव्हतं, पण ते मला ऑफिसात घेऊन गेले होते आणि "माह्यं नाव दाखव" म्हणाले होते. आपल्या घराचं नाव कागदावर पहिल्यांदा लागलं ते त्या वहीत. बापूंचं बोट चालेना, म्हणून त्यांना कोणी भित्रा म्हणालं नाही. मग माझा हात चालत नाही तर मीच का लपवू?

ते काय म्हणतील याची तुला काळजी आहे. मला दुसरी काळजी आहे. माझ्यामागून येणाऱ्या पोरानं मार खाल्ला आणि त्याचाही हात अडकला, तर तो लहानूसारखा कोणीतरी शोधेल आणि तीन आठवडे लपवत बसेल.

तीन आठवडे हार घालून बसलो आहे. मान ताठ आहे, पण दुखते आहे. मी खरं सांगणार आहे. चिठ्ठी चुलीत टाकली नाही. काल मेडिकलला जाऊन आलो. मनाच्या डॉक्टरांच्या दारात बाकावर आपल्याच मिलचा एक विणकर आणि गेटवरचा चौकीदार बसलेले. दोघांनी आधी दुसरीकडे पाहिलं. मग चौकीदार सरकला आणि मला बसायला जागा दिली.

तुझा,
रुपराव


नागपूर,
२७ फेब्रुवारी १९७४

ती. यमुताईस,
जय भीम.

माझ्या पत्राला उत्तर नाही. रागावली असशील. रागावलेली असतानाही वाच, कारण हे मला दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

सोमवारी चौकशी झाली. टेबलाच्या पलीकडे लेबर ऑफिसर वामनराव, बाजूला सक्सेना साहेब, इकडे भैय्याजी आणि मी. लहानू साक्षीला. खिडकीबाहेर सुटलेल्या पाळीची माणसं उभी. भैय्याजींनी मला डोळ्यानं खूण केली की कर सुरू.

मी म्हणालो, "साहेब, मी भोंगा जाणूनबुजून बंद नाही केला. माझा हात उठला नाही. तीन जानेवारीला मला साखळीवर हात असताना मारलं, तेव्हापासून तो साखळीकडे उठत नाही. हा डॉक्टरांचा कागद. माझी मागणी एकच आहे. याची नोंद अपघाताच्या वहीत करा."

भैय्याजींनी कपाळाला हात लावला. वामनराव हसले. म्हणाले, "थापडेला अपघात म्हणतात होय? मशीनमध्ये हात गेला का तुझा?"

मी म्हणालो, "बापूचं बोट गेलं तर तुम्ही लिहिलं. माझा पुरा हात गेला आहे. फक्त रक्त निघालं नाही."

ताई, माझा आवाज कापत होता, हे खरं सांगतो. पण मी बोलत होतो.

ती वही सांभाळतात ते गणपतराव कारकून तिथेच कागद लावत बसले होते. तीस वर्षांत त्यांनी किती बोटं, किती डोळे, किती भाजलेले पाय लिहिले असतील. त्यांनी उठून कपाटातून वही काढली, चष्मा पुसला आणि रोजच्यासारखं विचारलं, "नाव? खातं? दिनांक? वेळ?" मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मग म्हणाले, "यंत्राचं नाव?"

मी म्हणालो, "लिहा. सक्सेना साहेबांचा उजवा हात."

वामनराव खुर्चीतून उठले. "गणपतराव, हे लिहायचं नाही."

गणपतरावांनी दौतीत टाक बुडवला. "साहेब, मायाजवळ वही आहे, तं मले विचारा लागते. अन् कामगार सांगन ते लिहा लागते. खोटं असन तं तुम्ही खाली तसा शेरा मारा, सही करा." आणि लिहिलं. बारीक, सुंदर अक्षरात लिहिलं.

मग पुढचा रकाना, "अपघाताचं कारण." मी म्हणालो, "सेफ्टी व्हॉल्व्हवर जादा वजन लावायला नकार दिला म्हणून." सक्सेना साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. हे बॉयलर इन्स्पेक्टरनं वाचलं तर काय होईल, ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. वामनरावांनी शेरा मारला नाही. लहानूला विचारलं, तू काय पाहिलं? तो म्हणाला, "सारं पाह्यलं, साहेब. अन् याच्या बदल्यात मीच साखळी ओढत होतो. गुन्हा असन तं मायाबी लिहा."

काल चार्जशीट परत घेतल्याचा कागद आला. शुक्रवारपासून कामावर. साहेबानं माफी मागितली नाही आणि मागेल असं वाटत नाही. व्हॉल्व्हला मात्र कुलूप लागलं आहे. भैय्याजी माझ्याशी बोलत नाहीत. "बनीबनाई लढाई घालवली गा तू," म्हणाले. हारवाले आता येत नाहीत. साखळी डॉक्टर म्हणेपर्यंत लहानू ओढणार, मी बाजूला उभा राहून दाब पाहणार. मंगळवारी मेडिकल. काही जण हसतात. पण काल इंदूनं काचेचा पेला दिला आणि सकाळच्या भोंग्याला तो हलला, पडला नाही.

एक गोष्ट मला सुटत नाही, म्हणून तुला विचारतो. काल संध्याकाळी पाळी सुटून निघालेल्या बायकांतली रीळखात्यातली अंजनाबाई दारात आली. म्हातारी होत आली आहे. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हणाली, "भाऊ, मले मुकादमानं लाटण्याएवढ्या दांड्यानं मारलं होतं. नऊ वर्षं झाली. तवापासून मी त्या मशीनकडे पाठ करून बसतो. जुनी चालते का गा त्या वहीत?"

तुला विचारून सांगतो म्हणालो. तू मास्तरीण आहेस, तूच सांग. जुनी चालते का?

तुझा,
रुपराव


तारोळी,
५ मार्च १९७४

चिरंजीव रुपरावास,
मंगल आशीर्वाद.

हे पत्र शाईनं लिहिलं आहे. पोस्टमनला दाखव.

मी रागावले नव्हते. तुझ्या १९ तारखेच्या पत्राला उत्तर लिहायला चार वेळा बसले आणि चारही वेळा पेन्सिलीनं लिहिलेलं खोडलं. मला तुला एक सांगायचं होतं आणि ते खोडता येईल अशा रीतीनं सांगायचं नव्हतं.

तुझी साडी मी नासवली नाही. त्रेसष्ट सालच्या जुलैत हेडमास्तर मनोहररावांनी फळ्यावर त्रैराशिकाचं गणित चुकवलं. मी तेव्हा चौथी शिकवत होते आणि तुझी नवी साडी नेसून शाळेत गेले होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, गुरुजी, उत्तर चोवीस यायला हवं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. "आता तुम्ही आम्हाला गणित शिकवणार?" असं म्हणाले आणि टेबलावरची दौत फेकून मारली. खांद्याला लागली. खांदा आठ दिवसांत बरा झाला. सगळ्यांना मी सांगितलं की माझ्याच हातून सांडली. तुलाही तेच लिहिलं.

त्यानंतर मी चौथी सोडली. ओसरीतली पहिली मागून घेतली, कारण तिथून ऑफिसचं दार दिसत नाही. दौतीजवळ हात नेला की खांदा आखडतो. हजेरी मांडायची तर शिपायाचा बॉलपेन उसना घेते. अकरा वर्षं मी हे वेंधळेपण म्हणून खपवलं, आणि तुला मात्र मान ताठ ठेव म्हणून पत्रावर पत्र लिहीत राहिले. दात आवळून पुढे जा, हे मी तुला सांगितलं ना? मी पुढे गेलेच नव्हते रे बाबू. मी ओसरीत बसले होते.

तुझ्या हाताची मला लाज वाटली, त्याबद्दल मला क्षमा कर. आता मला त्या हाताचा इतका अभिमान वाटतो की मी पुन्हा पाटलाच्या ओट्यासमोर उभी राहिले आणि खरं काय ते मोठ्यानं सांगितलं. सिंधूताई म्हणाली, "मंग हा तं पहिल्यापेक्षा जास्तच हिमतीचा झाला वं!" मी म्हटलं, तुला उशिरा कळलं, मलाही उशिरा कळलं.

काल सकाळी मी ऑफिसात गेले. आमच्या शाळेत अपघाताची वही नसते, पण तपासणीला येणारे साहेब वाचतात ते लॉगबुक असतं. मनोहररावांच्या समोर बसून मी त्यांच्याच दौतीत टाक बुडवला. हात कापला. कापू दिला. तुझ्या वहीचे रकाने मला पाठ झाले होते.

दिनांक : १७ जुलै १९६३. वेळ : दुपारी एक. ठिकाण : शाळेचे कार्यालय. यंत्राचे नाव : मुख्याध्यापकांचा हात व दौत. कारण : गणिताचे उत्तर चोवीस असल्याचे सांगितले. इजा : चौथीचा वर्ग.

खाली सही केली. मनोहररावांनी वही ओढून वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "अकरा वर्षांनी हे कशाला, बाई?" म्हणाले. मी म्हटलं, "उत्तर अजून चोवीसच आहे, गुरुजी." जूनपासून चौथी मला हवी, असा अर्जही तिथेच ठेवून आले.

अंजनाबाईला सांग, जुनी चालते. गणपतराव कां-कू करू लागले तर त्यांना हे पत्र दाखव.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे येते. सकाळी साडेसहाला आपण दोघं अंगणात उभं राहू. लहानूनं ओढलेला भोंगाही आपण नीट ऐकू.

इंदूला अनेक आशीर्वाद. तिच्या पत्रात एकही चूक नव्हती.

तुझी ताई,
यमुना

ता. क. : कागदाच्या कोपऱ्यात डाग पडला आहे बघ. हा मात्र खरंच माझ्या हातून सांडला.